शब्द सगळे येतात, पण वाक्य उलटं पडतं

प्रश्न: मी नऊ ते अकरा वर्षांच्या आठ मुलांना इंग्रजी शिकवते. सगळ्यांची घरची भाषा मराठी. दीड-दोनशे शब्द त्यांना चांगले येतात, चित्र दाखवलं की लगेच नाव सांगतात. पण वाक्य बोलायला सांगितलं की 'आय मिल्क ड्रिंक', 'बुक टेबल ऑन इज', 'व्हाय यू आर क्राइंग' असंच बाहेर पडतं. 'आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म' हा नियम सगळ्यांना पाठ आहे. विचारला की घडाघडा म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात मोडतात. शब्द विस्कटून देऊन वाक्य लावायचे पन्नासेक प्रश्न सोडवून घेतले. वहीत बरोबर येतं, बोलताना पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सराव नेमका कसा घ्यावा? व्याकरणाच्या संज्ञा शिकवू का? आणि मराठी वापरावी की अजिबात वापरू नये?

उत्तर: सर्वांत आधी एक गोष्ट. 'आय मिल्क ड्रिंक' म्हणणारं मूल गोंधळलेलं नाही. ते मराठीचा क्रम अगदी शिस्तीत पाळतंय. क्रियापद शेवटी ठेवायची सवय त्याला बोलायला लागल्यापासून आहे आणि ती मोडायला नियमाचं पाठांतर पुरणार नाही. नियम आठवायला वेळ लागतो, बोलताना तेवढा वेळ नसतो. वहीत वेळ असतो, म्हणून वहीत जमतं. तुमच्या पत्रातली ही तक्रारच मला सगळ्यांत उपयोगाची वाटली, कारण सराव कुठे कमी पडतोय ते तिच्यातून कळतं.

आता क्रमाचं एवढं महत्त्व का, ते मुलांना एकदा दिसलं पाहिजे. मराठीत 'मुलाने कुत्र्याला ओढलं' म्हणा किंवा 'कुत्र्याला मुलाने ओढलं' म्हणा, ओढणारा मुलगाच राहतो. 'ने' आणि 'ला' शब्दाला चिकटलेले आहेत, त्यामुळे शब्द कुठेही नेला तरी त्याचं काम त्याच्यासोबत जातं. इंग्रजी नामांना असे प्रत्यय आता उरलेले नाहीत. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ते होते आणि तेव्हा तिचा शब्दक्रमही बराच मोकळा होता. पुढच्या शतकांत प्रत्यय झिजले आणि त्यांचं काम जागेकडे आलं. 'ही-हिम', 'शी-हर', 'दे-देम' या जोड्या म्हणजे त्या जुन्या विभक्तीच्या उरलेल्या खुणा. म्हणजे इंग्रजीत जागा हीच विभक्ती. क्रम चुकला की वाक्य कानाला खटकतं एवढ्यावर भागत नाही, बऱ्याचदा अर्थच बदलतो.

हे सांगू नका, दाखवा. दोन चित्रं काढा, काड्यांची माणसं चालतील. एकात मुलगा दोरीने कुत्र्याला ओढतोय, दुसऱ्यात कुत्रा मुलाला ओढतोय. 'द बॉय पुल्ड द डॉग' म्हणा आणि मुलांना चित्राकडे बोट दाखवायला सांगा. मग 'द डॉग पुल्ड द बॉय'. सुरुवातीला तीन-चार मुलं चुकीच्या चित्राकडे बोट दाखवतील. कारण त्यांनी 'बॉय', 'डॉग', 'पुल' हे तीन शब्द ओळखले आणि अर्थ स्वतःच जुळवला, क्रम ऐकलाच नाही. क्रम ऐकावा लागतो, हे कानाला पहिल्यांदा इथे कळतं. अशा सहा जोड्या पुरेत: आई बाळाकडे बघते आणि बाळ आईकडे बघतं, मांजर पक्ष्याला बघतं आणि पक्षी मांजराला बघतो, वगैरे. दोन्ही बाजू खऱ्या वाटाव्यात हे बघा. 'मुलाने चेंडू फेकला' याची उलट बाजू शक्यच नसते, त्यामुळे तिथे मूल क्रमाकडे लक्ष न देताच बरोबर येतं. दोन दिवस मुलांनी काही बोलायचं नाही, नुसतं ऐकून बोट दाखवायचं. हा भाग गाळायचा मोह होतो, तो गाळू नका.

आता मुख्य सराव. मराठी वाक्य क्रियापदाच्या आधी फुगतं, इंग्रजी वाक्य क्रियापदाच्या नंतर वाढतं. हे एक वाक्य जवळून पाहा:

मी / रोज सकाळी / घरी / दूध / पितो.

आय / ड्रिंक / मिल्क / ॲट होम / एव्हरी मॉर्निंग.

पहिला शब्द जागेवर ठेवा आणि मराठीचे बाकीचे गट शेवटाकडून वाचत या: पितो, दूध, घरी, रोज सकाळी. हाच इंग्रजीचा क्रम. साध्या वाक्यांत हे आरशासारखं उलटणं बहुतेक वेळा जसंच्या तसं बसतं. उलटतात ते गट, गटाच्या आतले शब्द नव्हेत: 'रोज सकाळी'चं 'एव्हरी मॉर्निंग'च होतं आणि 'लाल चेंडू'चा 'रेड बॉल'च. अपवाद शब्दयोगी अव्ययांचा आणि तशाच कामाच्या प्रत्ययांचा. 'टेबलाखाली'मधलं 'खाली' मागून लागतं, 'अंडर द टेबल'मधलं 'अंडर' पुढून. म्हणून 'टेबल ऑन' ही चूकही त्याच आरशातली आहे. मुलांनी बाहेरचे गट उलटवले नाहीत आणि आतलाही उलटवला नाही, एवढंच.

हे कळलं की सराव कुठे सुरू करायचा ते स्पष्ट होतं. पूर्ण वाक्य सुरुवातीला मागूच नका. पहिल्या आठवड्यात फक्त दोन शब्द: कोण आणि काय करतो. 'आय ड्रिंक.' 'वी प्ले.' 'दे रन.' 'यू रीड.' हे दोन शब्द एका श्वासात, एकच शब्द असल्यासारखे म्हणवून घ्या. तुम्ही कृती करून दाखवा किंवा चित्र दाखवा, मुलांनी जोडी म्हणायची. आठ क्रियापदं आणि चार कर्ते घेतले की बत्तीस जोड्या होतात. रोज चार-पाच मिनिटं दिली तर पाच दिवसांत त्या जिभेवर बसतात. 'ही' आणि 'शी' मुद्दाम बाहेर ठेवा. ते आले की क्रियापदाला 'एस' लागतो आणि मुलाचं सगळं लक्ष त्या 'एस'कडे जातं. एका वेळी एकच अडचण. 'ही-शी' घ्यायचेच असतील तर भूतकाळात घ्या: 'आय सॉ', 'शी सॉ', 'दे सॉ'. तिथे 'एस'चा प्रश्नच येत नाही.

मग त्या जोडीला प्रश्न विचारून वाक्य उजवीकडे वाढवा.

मूल म्हणतं, 'आय ड्रिंक'. तुम्ही विचारता, 'व्हॉट?' 'आय ड्रिंक मिल्क.' 'व्हेअर?' 'आय ड्रिंक मिल्क ॲट होम.' 'व्हेन?' 'आय ड्रिंक मिल्क ॲट होम एव्हरी मॉर्निंग.' दर वेळी वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. नुसतं 'मिल्क' किंवा 'ॲट होम' असं उत्तर घेऊ नका. खऱ्या संभाषणात तसं तुटक उत्तर अगदी योग्य असतं, पण इथे आपण वाक्याची वाट तुडवतोय.

आणि एक सूचना अशी, की मुलांना बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल: थांबायचं असेल तर क्रियापदाच्या नंतर थांब, आधी नाही. शब्द आठवत नसला की मूल 'आय…' म्हणून थांबतं, तेवढ्यात डोक्यात 'दूध' येतं आणि ते तसंच बाहेर पडतं, 'मिल्क'. चूक त्या थांबण्याच्या जागी होते. 'आय ड्रिंक…' म्हणून हवं तेवढं थांबू दे, पुढे चुकायची शक्यताच कमी. अडखळणाऱ्या मुलाला पुढचा शब्द पुरवू नका. 'आय' वर अडकलं असेल तर हाताने पिण्याची खूण करा, म्हणजे पुढचा शब्द क्रियापदच येईल. बोलताना चुकणाऱ्या मुलांना याइतका दुसरा कशाचा उपयोग होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तोंडी सरावाच्या जोडीला पत्ते हवेत, कारण या वयात हात चालला की क्रम लवकर बसतो. ए-फोर आकाराचा जाड कागद तीनदा दुमडला की आठ सारखे तुकडे होतात, साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटीमीटरचे. असे पाच कागद पुरतात. सहा 'कोण', आठ 'काय करतो', दहा 'काय किंवा कोणाला', सहा 'कुठे' आणि पाच 'केव्हा' मिळून पस्तीस पत्ते, उरलेले पाच पुढे लागतील. प्रत्येक जातीच्या खालच्या कडेला एका रंगाची पट्टी ओढा. प्रश्नशब्दांचे रकाने करून वाक्य लावायची ही कल्पना जुनी आहे. एडिथ फिट्झगेराल्ड या अमेरिकेतल्या शिक्षिकेने, त्या स्वतः कर्णबधिर होत्या, कर्णबधिर मुलांसाठी अशी मांडणी केली आणि १९२६ साली ती छापून आली. ज्या मुलांना इंग्रजी कानाने मिळत नाही त्यांना क्रम डोळ्यांनी द्यायचा, हा तिच्यामागचा विचार. इंग्रजी फारसं कानावर न पडणाऱ्या मुलांनाही तो लागू पडतो.

पत्ते करताना तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, एकेका पत्त्यावर एकेक शब्द लिहिला जातो. 'ऑन', 'द', 'टेबल' असे तीन पत्ते करू नका, 'ऑन द टेबल' हा एकच पत्ता. 'द' आणि 'अ' कधीच सुटे नकोत. सात सुटे शब्द मांडायच्या ५०४० तऱ्हा होतात, चार गटांच्या फक्त २४. मुलाला अडचण गटांच्या क्रमाची आहे, त्याला ५०४० वाटांत सोडून उपयोग नाही.

दुसरी, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत आणि शेवटच्या शब्दापुढे पूर्णविराम. तुमच्या पन्नास प्रश्नांत बहुधा हेच झालं असणार. मूल मोठं अक्षर शोधतं, तो शब्द आधी ठेवतं. पूर्णविराम शोधतं, तो शेवटी. मधले दोन-तीन शब्द अंदाजाने बसतात. उत्तर बरोबर, पण क्रमाचा विचार झालाच नाही. सगळे पत्ते छोट्या लिपीत लिहा आणि पूर्णविरामाचा वेगळा पत्ता करा. फक्त 'आय' नेहमीसारखा मोठ्याच लिपीत, तो कुठेही आला तरी तसाच लिहितात.

तिसरी चूक म्हणजे चित्राविना वाक्य लावायला देणं. 'द कॅट', 'सॉ', 'द डॉग' हे तीन पत्ते दिले तर दोन्ही बाजूंनी वाक्य बरोबर होतं. मग एकाचं बरोबर आणि दुसऱ्याचं चूक कशाच्या जोरावर ठरवणार? चित्र समोर असलं की एकच उत्तर उरतं, आणि मूल अर्थावरून क्रमाकडे जातं. बोलतानाही त्याला तेच करायचंय.

पत्त्यांचा खेळ जोडीने घ्या. दोघांच्या मध्ये वही उभी करा. एकाकडे चित्र, दुसऱ्याकडे पत्ते. पहिल्याने चित्र पाहून वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने ऐकून लावायचं, मग वही काढून दोघांनी ताडून बघायचं. इथे क्रम चुकला तर चूक तुम्हाला दाखवावीच लागत नाही, पत्ते आणि चित्र जुळत नाहीत हे त्यांनाच दिसतं. आठ मुलांच्या चार जोड्या म्हणजे दहा मिनिटांत प्रत्येकाला दहा-बारा वाक्यं मिळतात. सगळ्यांनी एका सुरात मागून म्हणायच्या पद्धतीत वाक्यं जास्त होतात, पण तिथे मूल निवड करत नाही, नुसता आवाज मिसळतं. नवं वाक्य पहिल्यांदा कानावर घालायला तो सूर ठीक आहे, पुढे नको.

रंगाच्या पट्ट्या तिसऱ्या आठवड्यात काढा. नवे पत्ते करायची गरज नाही, खालच्या कडेवर कागदाची पट्टी चिकटवा. नाही तर मुलं पिवळा-लाल-हिरवा हा क्रम शिकतात आणि रंग नसले की पुन्हा 'आय मिल्क'.

मराठी वापरावी की नाही, असं तुम्ही विचारलंत. वापरा, पण मोजून. पहिल्या तीन दिवसांत 'उलटी मराठी' हा खेळ घ्या: 'मी पितो दूध घरी रोज सकाळी', 'आम्ही खेळतो चेंडू मैदानात संध्याकाळी'. मराठीत क्रम मोकळा असल्याने हे ऐकायला वेगळं लागतं, पण कळतं पुरेपूर. कवितेत आणि भरभर बोलताना आपण असं म्हणतोही. मुलाला नवा क्रम ओळखीच्या शब्दांवर चाचपायला मिळतो, शब्द आठवायचं ओझं नसतं. तीन दिवस झाले की थांबवा. त्यानंतर मराठी वाक्य देऊन इंग्रजी मागू नका, चित्र किंवा कृती द्या. मराठी वाक्य समोर ठेवलं की शेवटी येणारं क्रियापद पुन्हा डोक्यात बसतं आणि आपणच त्या चुकीला खतपाणी घालतो.

एका ठिकाणी मात्र मराठी पुढेही लागेल, ती 'मला'ची वाक्यं. 'मला दूध आवडतं', 'मला चेंडू हवाय', 'मला उत्तर माहीत आहे', 'मला पक्षी दिसला', 'मला भूक लागली', 'माझ्याकडे वही आहे'. मराठीत इथे ज्याला आवडतं तो माणूस कर्त्याच्या रूपात येतच नाही, आणि 'आवडतं' हे क्रियापद दुधाप्रमाणे चालतं, 'मला' प्रमाणे नाही. इंग्रजीत हे सगळं 'आय'ने सुरू होतं: 'आय लाइक', 'आय वॉन्ट', 'आय नो', 'आय सॉ', 'आय ॲम हंग्री', 'आय हॅव'. त्यात इंग्रजीतल्या 'मला'चा उच्चार नेमका 'मी' असा, त्यामुळे मूल 'मी वॉन्ट बॉल' म्हणालं तर नवल नाही. या सहा जोड्यांचा तक्ता भिंतीवर लावा आणि त्या पहिल्या आठवड्याच्या दोन शब्दांच्या जोड्यांसारख्याच घोटून घ्या. 'मला दूध खूप आवडतं' वरून 'आय व्हेरी लाइक मिल्क' येतंच येतं. 'व्हेरी मच' हा एक पत्ता करा आणि त्याची जागा वाक्याच्या शेवटी: 'आय लाइक मिल्क व्हेरी मच'.

कर्ता गाळायची सवयही मराठीतूनच येते. 'येतोस?', 'जाते' एवढं म्हटलं की कोण ते क्रियापदावरूनच कळतं. इंग्रजी क्रियापद ते सांगत नाही, म्हणून पहिली जागा कधी रिकामी ठेवता येत नाही. सांगण्यासारखं कोणी नसेल तेव्हाही तिथे 'इट' बसवतात: 'इट इज रेनिंग', 'इट इज फाइव्ह ओ'क्लॉक'. ही दोन-चार वाक्यं तयारच द्या, स्पष्टीकरणात शिरू नका.

'बुक टेबल ऑन इज' मध्ये चूक दुहेरी आहे, ती दोन वेगवेगळ्या दिवशी सोडवा. आधी 'ऑन द टेबल' ही मूठ पक्की करा: वस्तू हलवत राहा आणि फक्त एवढंच म्हणवून घ्या, 'ऑन द टेबल', 'अंडर द टेबल', 'इन द बॅग', 'बिहाइंड द डोअर'. दुसऱ्या दिवशी 'द बुक इज' ही जोडी एका श्वासात, आणि मग मूठ जोडा. 'ॲम-इज-आर'ची वाक्यं कृतीच्या वाक्यांत मिसळू नका, नाही तर 'आय ॲम ड्रिंक' सुरू होतं. दोन्ही साचे किमान आठवडाभर वेगळ्या वेळी घ्या.

'केव्हा'ला दोन जागा आहेत, शेवटची आणि सगळ्यांत पुढची. आधी शेवटचीच शिकवा, महिन्याभराने पुढची. मराठीसारखी कर्त्यानंतरची मधली जागा, 'आय यस्टरडे वेंट', कधीच नाही. मधे बसतात ते 'ऑल्वेज', 'ऑफन', 'नेव्हर' यांसारखे शब्द: कृतीच्या क्रियापदाआधी, पण 'ॲम-इज-आर'नंतर. 'शी ऑल्वेज कम्स लेट', पण 'शी इज ऑल्वेज लेट'. हे शेवटी शिकवायचं, कारण ते शिकवलं की कर्ता-क्रियापदाची जोडी आपणच फोडतो.

नकार सोपा आहे: मराठीत 'नाही' शेवटी, इंग्रजीत 'डोन्ट' क्रियापदाच्या आधी. 'आय ड्रिंक' ऐवजी 'आय डोन्ट ड्रिंक' हीच नवी जोडी. दोन दिवस पुरतात.

प्रश्नांना मात्र सावकाश वेळ द्या. 'व्हाय यू आर क्राइंग' असं मूल म्हणतं कारण मराठीत प्रश्न करताना काहीच हलत नाही: 'तू रडतेस', 'तू रडतेस का', 'तू का रडतेस'. इंग्रजीत पत्ते हलतात, म्हणून ते हातानेच हलवायला लावा. समोर 'यू', 'आर', 'गोइंग', 'होम' असे चार पत्ते. मुलाने पहिल्या दोघांची अदलाबदल करायची: 'आर यू गोइंग होम'. आता 'होम' उचलायचा, त्याच्या जागी काय ते माहीत नाही असं म्हणायचं, 'व्हेअर'चा पत्ता घ्यायचा आणि तो सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवायचा: 'व्हेअर आर यू गोइंग'. हालचाली दोन आहेत, अदलाबदल आणि पुढे नेणं. 'व्हेअर यू आर गोइंग' म्हणणाऱ्या मुलाने फक्त दुसरी केली, पहिली राहिली. चूक झाली की पूर्ण वाक्य सांगू नका. पत्ते त्याच्यापुढे सरकवा आणि 'अदलाबदल झाली का?' एवढंच विचारा.

कृतीच्या क्रियापदाशी अदलाबदल होत नाही, तिथे 'डू'चा पत्ता बाहेरून आणून पुढे ठेवायचा: 'यू ड्रिंक मिल्क', 'डू यू ड्रिंक मिल्क'. मराठीचा शेवटचा 'का' पुढे येऊन बसला, असं सांगितलं की पटतं. 'शी'साठी 'एस'चा एक छोटा तुकडा करा आणि तो टाचणीने 'ड्रिंक'च्या पत्त्याला लावा. प्रश्न करताना 'डू' आला की तो तुकडा 'ड्रिंक'वरून सोडवून 'डू'ला लावायचा, त्याचं 'डज' होतं. तुकडा एकच आहे, त्यामुळे 'डज शी ड्रिंक्स' हातातून होऊच शकत नाही. तोंडून झालं तर नुसता तुकडा दाखवा, मुलं स्वतःच सुधारतात. 'हू ब्रोक द कप' सारखे प्रश्न, जिथे कर्त्यालाच विचारलंय आणि काहीच हलत नाही, ते या दिवसांत आणू नका.

बोलताना चूक सुधारायची तर बोटांवर. डावा हात उभा धरा, तळवा तुमच्याकडे, आणि उजव्या हाताने करंगळीपासून अंगठ्याकडे एकेक बोट म्हणजे एकेक गट. समोर बसलेल्या मुलांना ते डावीकडून उजवीकडे दिसतं. अंगठ्यापासून सुरू केलंत तर त्यांना वाक्य उजवीकडून डावीकडे दिसेल, आणि क्रम शिकवतानाच क्रम उलटा होईल. शब्द राहिला तर ते बोट हलवा, दोन गटांची जागा चुकली तर ती दोन बोटं एकमेकांवर चढवा. तुम्ही काही बोलायचं नाही. सगळ्या चुका सुधारायच्याही नाहीत: या दोन महिन्यांत 'अ' आणि 'द' राहिले, उच्चार चुकला, तर सोडून द्या. क्रम चुकला तरच बोट.

संज्ञांबद्दल: सध्या 'कोण', 'काय करतो', 'काय', 'कुठे', 'केव्हा' एवढीच नावं पुरेत. 'सब्जेक्ट', 'ऑब्जेक्ट' हे शब्द मुलांना शाळेच्या पुस्तकात भेटतील तेव्हा त्या रकान्यांवर लिहा, पाच मिनिटांत समजतील.

वेळ रोज बारा मिनिटांपेक्षा जास्त नको, पण रोज हवा. आठवड्यातून एकदा तासभर घेतला तर मधल्या सहा दिवसांत मराठीचा क्रम पुन्हा जागेवर येतो. दोन मिनिटं जोड्या, पाच मिनिटं पत्ते, तीन मिनिटं नुसतं चित्र पाहून बोलणं, दोन मिनिटांत तीन वाक्यं लिहिणं. लिहिणं नेहमी शेवटी, आणि आधी तोंडाने म्हटलेलंच लिहायचं. कंटाळा आला तर पुसण्याचा खेळ घ्या: फळ्यावर एक लांब वाक्य, सगळ्यांनी वाचायचं, एक गट पुसायचा, पुन्हा पूर्ण म्हणायचं, असं फळा कोरा होईपर्यंत. क्रियापद सर्वांत शेवटी पुसा.

पुढच्या पायरीवर कधी जायचं हे वहीवरून ठरवू नका. पूर्वी न वापरलेली दहा चित्रं घ्या, एकेका मुलाला एकटं बोलवा, प्रत्येक चित्रावर एक वाक्य. आठ वाक्यांत क्रियापद दुसऱ्या जागी आलं, तर ते मूल पुढे जायला तयार आहे, मग 'द' राहिला असो वा 'एस'. पाच-सहाच आली तर त्या मुलाला पुन्हा दोन शब्दांच्या जोड्यांवर आणा, तीन दिवस, आणि मग नवी दहा चित्रं. आठपैकी दोघं-तिघं मागे राहतील. त्यांना पत्त्यांच्या जोडीत 'ऐकून लावणाऱ्या'चं काम आधी द्या, बोलायचं नंतर.

अजून एक. 'आय मिल्क… नाही, आय ड्रिंक मिल्क' असं मधेच थांबून स्वतःला सुधारणारं मूल चाचणीत बरोबरच धरा. त्या वेळी टोकू नका, मान हलवून पुढचं चित्र दाखवा.